पाठ केलेले विसरते का, आणि टिकते कसे?

"पाठ केले, पण आठ दिवसांत विसरलो; आमच्या डोक्यात विद्या राहत नाही," असे म्हणून शिकणे सोडणारे प्रौढ बंधुभगिनी गावोगाव आढळतात. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते पाहू.

ढाणकीकडील शेतकरी कपाशीत डवरा धरतो, तेव्हा त्याचे हात आपोआप चालतात. ही कृतीची स्मृती होय. गतवर्षीच्या पेरणीचा दिवस त्यास आठवतो. ही प्रसंगाची स्मृती. कपाशीस कोणती जमीन मानवते, हे तो जाणतो. ही ज्ञानाची स्मृती. प्रसंग व ज्ञान ह्यांतील हा भेद एंडेल टल्विंग ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडला. ज्याच्यापाशी इतका साठा आहे, त्याने आपले डोके रिते का म्हणावे?

आता विसरण्याविषयी. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस ह्याने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली व १८८५ साली निष्कर्ष छापले. विसर आरंभी झपाट्याने पडतो, पुढे सावकाश, असे त्यास आढळले. परंतु महिन्यानंतरही तीच अक्षरे पुन्हा पाठ करताना सुमारे पाचवा हिस्सा श्रम वाचले. म्हणजे गेले असे वाटते, ते सर्वस्वी गेलेले नसते. शिवाय अर्थ समजलेले वचन निरर्थक अक्षरांहून अधिक काळ राहते.

पंडिता रमाबाईंस (१८५८–१९२२) त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई ह्यांनी लहानपणी वर्षानुवर्षे संस्कृत शिकविले. भागवताचे १८,००० श्लोक त्यांस मुखोद्गत होते, असे चरित्रकार सांगतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. असा साठा एका रात्रीत होत नाही. तो नित्य म्हणण्याने होतो.

अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी ह्यांनी २००६ साली दाखविले की, पाठ पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून सांगणाऱ्यांस आठवड्यानंतर अधिक स्मरते. पाच मिनिटांनी मात्र वाचणारेच पुढे होते. म्हणून तत्काळच्या यशाने शिक्षकाने फसू नये.

तर शिक्षकांनी पुढील रीत धरावी. प्रथम अर्थ सांगावा, मग पाठ द्यावा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी व आठवड्याने तोच पाठ विचारावा. शिकणारा अडखळल्यास लगेच सांगू नये. थोडा वेळ आठवू द्यावे, मग चूक सुधारावी. विसरणाऱ्यास मंद म्हणू नये, कारण त्या एका शब्दाने पुष्कळांची पाटी कायमची खाली ठेवली जाते.

प्रश्न : १. स्मृतीचे तीन प्रकार कोणते? २. विसरलेला पाठ पुन्हा शिकणे सोपे का जाते? ३. वाचण्यापेक्षा आठवणे का बरे?