साहित्याच्या शिक्षिकेचे वाचन आणि लेखन

चि. भाचीस (सेक्टर 39, चंदीगड),


साहित्य शिकवणाऱ्याचे एक वाचन उद्याच्या तासापुरते असते. त्याला पाठ्यपुस्तक, मार्गदर्शिका आणि वाङ्मयेतिहासाचे एखादे प्रकरण पुरते. दुसऱ्याला निकटवाचन म्हणतात, म्हणजे संहितेतील शब्द, त्यांचा क्रम, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यापाशी थांबत केलेले वाचन. पहिल्यावर नोकरी निभते, परंतु शिकवणे उसन्या मतांवर चालते आणि वर्गातल्या एका चांगल्या प्रश्नापुढे ती मते उघडी पडतात.

चंदीगडमध्ये राहणाऱ्या मराठी शिक्षिकेला याचा पडताळा संत नामदेवांपाशी घेता येईल. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत व ती रागांनुसार लावलेली आहेत. मराठी गाथांत मात्र अभंगांची प्रकरणे बहुधा विषयवार असतात. पंजाबातले नामदेव निर्गुणाचे, म्हणजे नामरूपापलीकडच्या ईश्वराचे उपासक आणि महाराष्ट्रातले नामदेव विठ्ठलाचे लाडके, अशी सोयीची वाटणी पुस्तकांतून केली जाते व एका टिपणवहीतून दुसरीत उतरत राहते. प्रत्यक्ष पदे वाचणाऱ्याला मात्र ग्रंथसाहिबाच्या गुरुमुखी संहितेतच ‘बीठल’, म्हणजे विठ्ठल, भेटतो, आणि मग दोन्हीकडचे नामदेव एकच की वेगळे, हा अभ्यासकांतला जुना वाद परीक्षेतला मुद्दा न राहता खराखुरा प्रश्न होतो. नामदेवांच्या पंजाबातल्या घुमानला, जिथे 2015 मध्ये 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अवश्य जावे. पण पदे आधी वाचून जावे.

वाचलेले कळले असे वाटणे सोपे असते. लिहू लागताच विधानाला आधार कोणता आणि त्याला अपवाद कुठला, हे दाखवावे लागते. सेक्टर 39 मधल्याच सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकाला निरीक्षण नोंदवहीत उतरवल्यावाचून पुढे जाता येत नाही, तीच शिस्त साहित्याच्या शिक्षकालाही हवी. विंदा करंदीकर महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ मराठीत आणला. अनुवादकाला एकही ओळ धूसर ठेवून पुढे सरकता येत नाही, म्हणून अनुवाद हे वाचनाचे सर्वांत कठोर रूप मानावे लागते. म. वा. धोंडांनी ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ लिहिली तीही पेशाने प्राध्यापक असताना जडलेल्या बारीक वाचनाच्या सवयीतूनच.

प्रत्येक शिक्षिकेने ग्रंथकार व्हावे, अशी अपेक्षा नाही. मात्र शिकवलेल्या एखाद्या कवितेविषयी मार्गदर्शिका मिटून आठवड्याला एक पान लिहावे, आणि मुलांना जो निबंध घालावा तो आधी स्वतः लिहून पाहावा, म्हणजे वही तपासताना मुलाचे वाक्य नेमके कशापाशी अडखळले हे ओळखता येते. नाहीतर तांबडी शाई केवळ ऱ्हस्वदीर्घ शोधत फिरते. पहिले पान बीठलाच्या एखाद्या पदाविषयी असावे व त्याशेजारी गाथेतला एक अभंग ठेवावा. गुरुमुखी लिपी येत नसेल, तर ती वर्गातल्या मुलांकडूनच शिकून घ्यावी.