एन्कोडर बदलण्याआधी: घरच्या सीएनसी लेथचा सिग्नल तपासायला किती खर्च येतो?

आटे दुसऱ्या पासला जुळत नाहीत, स्क्रीनवरचा आरपीएम उड्या मारतो. अशा वेळी ‘एन्कोडर गेला, नवा टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. तो ऐकून पैसे काढू नका. दोष बहुतेकदा वायर, सप्लाय किंवा कपलिंगमध्ये असतो आणि तो तुम्ही घरीच शोधू शकता.

लागते काय? साधा डिजिटल मल्टिमीटर, साधारण 500 ते 1,000 रुपये. यूएसबीवर चालणारा छोटा लॉजिक ॲनालायझर साधारण तेवढ्यातच येतो, पण त्याला 5 व्होल्टपेक्षा मोठा सिग्नल लावू नका. ऑसिलोस्कोप विकत घेण्याची गरज नाही. तुम्ही रत्नागिरीत असाल, तर तिथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, मिरजोळे एमआयडीसीत फिनोलेक्स अकादमी आहे. इलेक्ट्रॉनिक्स विभागात आधी फोन करून तासभर वापरू देतील का ते विचारा. देतीलच असे नाही.

तपासणीला अर्धा तास धरा. स्पिंडलचा व्हीएफडी बंद, फक्त एन्कोडर आणि कंट्रोलर चालू. आधी सप्लाय मोजा. मग एन्कोडरची ए वायर आणि शून्य व्होल्ट यांच्यामध्ये मीटर लावून चक हाताने हळू फिरवा. 5 व्होल्टच्या बोर्डावर आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली आणि चारच्या वर असा आलटून-पालटून दिसला पाहिजे. बी वायरचेही तेच. झेड वायरवरचा आकडा मात्र एका फेऱ्यात एकदाच बदलतो, त्यामुळे तिथे अगदी सावकाश फिरवा. आता चकवर खडूची खूण करा, बरोबर एक फेरा द्या आणि काउंट वाचा. 1,024 पल्सचा एन्कोडर 4,096 दाखवतो, कारण ए-बीच्या चारही कडा मोजल्या जातात. उलट फिरवून खुणेवर या. काउंट शून्यावर आला नाही, तर पल्स गळताहेत किंवा पुलीचा ग्रब स्क्रू घसरतोय. स्क्रू आवळायला पैसे लागत नाहीत.

हाताने सगळे ठीक आणि व्हीएफडी चालू केला की आकडे नाचतात? मग तो नॉईज आहे. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलपासून लांब न्या, शिल्डेड वायर वापरा, शिल्डचे अर्थिंग फक्त कंट्रोलरच्या बाजूला करा. व्हीएफडी उघडायचा असेल, तर मेन बंद करून किमान दहा मिनिटे थांबा. आत जीवघेणे व्होल्टेज साठलेले असते.

वेग वाढवला की आरपीएम कमी दिसू लागतो? कंट्रोलरला मोजणे झेपत नाही. 3,000 आरपीएमला 1,024 पल्सचा एन्कोडर सेकंदाला 2,04,800 कडा देतो, तर पॅरलल पोर्टवरचा संगणक दर 25 मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 40,000 वेळाच बघतो. 100 पल्सचा एन्कोडर 20,000 कडांवर थांबतो. जास्त पल्स म्हणजे जास्त चांगला, ही विक्रीची भाषा आहे.

रत्नागिरीत एक तपासणी जास्तीची करा: कनेक्टर उघडून बघा. खाऱ्या हवेने पिना हिरवट पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा काही शे रुपयांत मिळतो. साधे गंज काढायचे तेल तिथे मारू नका.

नवा घ्यावाच लागला, तर तीन ठिकाणी फसू नका. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या 600 पल्सच्या एन्कोडरला अनेकदा फक्त ए आणि बी असतात, झेड नसते. लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअरमध्ये जी33 किंवा जी76 ने आटे पाडायचे, तर झेड हवेच. दुसरे, ओपन कलेक्टर प्रकाराला पुल-अप रेझिस्टर वेगळा लागतो. किंमत एक-दोन रुपये, पण तो 24 व्होल्टला जोडलात तर 5 व्होल्टचा बोर्ड जळेल. एन्कोडरचा सप्लाय काहीही असो, पुल-अप बोर्डाच्याच 5 व्होल्टला. तिसरे, लाइन ड्रायव्हर प्रकाराला 26एलएस32 सारखी रिसीव्हर आयसी लागते. शिवाय पट्टा दातेरी हवा आणि पुल्या एकास एक. हे सगळे धरून किंमत करा.

लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करणार असाल, तर जुन्या एन्कोडरच्या पाटीचा फोटो आणि शाफ्टचा व्यास मिलिमीटरमध्ये सोबत ठेवा. भाव ऐकताना जीएसटी धरून की वेगळा, कुरिअर किती, परत घेणार का, हे विचारा. इलेक्ट्रॉनिक माल परत घेणे अनेक दुकाने नाकारतात, म्हणून काउंटरवरच चालवून बघा.

कोल्हापूर किंवा पुण्याहून तंत्रज्ञ बोलावणार असाल, तर व्हिजिट चार्ज, दोन्ही बाजूंचा प्रवास आणि दोष न सापडल्यास किती, हे तिन्ही आकडे आधी मेसेजवर लिहून घ्या. तो येण्यापूर्वी कंट्रोलरच्या फाइल आणि व्हीएफडीची सेटिंग्ज यांची प्रत काढून ठेवा. ती हरवली तर पुन्हा बसवायचे पैसे तुम्हीच देणार.

बिल घ्या आणि छंदासाठी घेत असाल, तर स्वतःच्या नावाने घ्या. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरत असाल, तर सूट आहे. माल सदोष निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानेही जमले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. सोबत बिल, पैसे दिल्याचा पुरावा, मेसेज आणि पाकीट उघडतानाचे फोटो जोडा.