मुलांच्या घरात कुत्रे कोणते?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात दाट केसांचा पामेरियन किंवा चपट्या नाकाचा पग पाळणे म्हणजे, हौस कितीही असो, त्या जिवाचे हालच. दिवसभर हुंदडणाऱ्या मुलांना गावठी पिल्लूच बरे. ऊन त्याच्या अंगवळणी पडलेले असते. ८ आठवड्यांआधी मात्र त्याला आईपासून तोडू नये. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी, मग दरवर्षी. रात्री कुत्रे अंगणात बांधू नये. ताडोबालगतच्या गावांत त्याच्यासाठीच बिबट्या दारापर्यंत येतो, आणि उन्हाळ्यात मुलेही अंगणातच झोपतात! पिल्लाचा दात लागला, नुसते ओरखडले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे मोफत मिळते.