मंदगती लॅपटॉप आणि कार्यप्रणालीची पुनःस्थापना

पस्तीस मिनिटांच्या तासिकेपैकी दहा मिनिटे संगणक सुरू होण्यातच जाऊ लागली, की अध्यापनातील त्याचा उपयोग संपल्यासारखाच असतो. प्रारंभी काही दिवस शिक्षक नेटाने तो चालू करून पाहतात, मुलेही पडद्याकडे डोळे लावून बसतात. पुढे हळूहळू तो कपाटात जातो आणि डेडस्टॉक रजिस्टरातील नोंदीपुरता उरतो. ग्रामीण प्राथमिक शाळांकडे शासकीय योजनांतून अथवा लोकवर्गणीतून आलेल्या कित्येक लॅपटॉपांची हीच अवस्था झाली आहे. यांपैकी पुष्कळशी यंत्रे बिघडलेली नसतात, केवळ मंदावलेली असतात. व त्यांची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने बसविल्यास ती आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात. मात्र हेच काम घाईने केल्यास शाळेचे अनेक वर्षांचे लेखन घटकाभरात नाहीसे होते. सबब, प्रथम मंदपणाचे कारण शोधावे, नंतर माहितीचे जतन करावे आणि मगच पुनःस्थापनेस हात घालावा. हा क्रम कोणत्याही कारणास्तव मोडू नये.

संगणकात माहिती ठेवण्याच्या मुख्यतः दोन जागा असतात. हार्ड डिस्क ही वर्गातील कपाटासारखी होय; तेथे ठेवलेली वस्तू वीज गेली तरी जागच्या जागी राहते. रॅम हे शिक्षकाचे टेबल समजावे. ज्या वहीवर काम चालू आहे ती टेबलावर असावी लागते. टेबल लहान असले, की एक वही उघडण्याकरिता दुसरी कपाटात ठेवून यावे लागते आणि तीच पुन्हा हवी झाली म्हणजे परत कपाटाशी जावे लागते. रॅम अपुरी पडली असता संगणक नेमक्या अशाच फेऱ्या घालीत असतो.

नव्या यंत्रावर हे टेबल बव्हंशी मोकळे असते. पुढे जो जो प्रोग्रॅम बसविला जातो, तो तो आपला एखादा मदतनीस मागे ठेवतो. आणि संगणक सुरू होताच हे मदतनीस न बोलाविता टेबलापाशी येऊन उभे राहतात. प्रिंटरचा एक, अँटिव्हायरसचा एक, कधीकाळी एका कार्यक्रमाची चित्रफीत पाहण्यासाठी बसविलेल्या प्लेअरचा एक. काही यंत्रांवर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतात व ते एकमेकांच्याच झडत्या घेत बसतात! ४ जीबी रॅमच्या टेबलावर मग मुलांच्या वह्यांस जागा कोठून उरणार? पुनःस्थापनेने हे सर्व मदतनीस एकदम दूर होतात. तिचा गुण एवढाच. तिच्यामुळे टेबल मोठे होत नाही आणि कपाटही जवळ येत नाही; म्हणूनच आधी कारण तपासणे अगत्याचे आहे.

कपाटाच्या अंतराचा प्रश्न विशेष समजून घेण्यासारखा आहे. जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरत असते व ग्रामोफोनच्या सुईप्रमाणे एक बारीक भुजा तिच्यावरील माहिती वाचते. अशा बहुतेक डिस्क मिनिटास ५४०० फेरे घेतात. सातवीच्या वर्गास हे उदाहरण म्हणून घालता येईल : ६० सेकंदांत ५४०० फेरे, तर एका फेऱ्यास किती वेळ? उत्तर १/९० सेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरीने अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे १/१८० सेकंदाचा विलंब लागतो. हा विलंब क्षुल्लक वाटतो. परंतु सुरू होताना संगणकास विखुरलेले ९,००० तुकडे गोळा करावयाचे आहेत असे मानले, तर केवळ चकती फिरण्याची वाट पाहण्यातच ५० सेकंद जातात, आणि भुजा सरकण्याचा वेळ त्यावर वेगळा. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्याने हाच तुकडा सुमारे १/१०,००० सेकंदात हाती येतो. ज्या यंत्रात अद्याप फिरती चकती आहे, तेथे केवळ पुनःस्थापना केल्याने सुधारणा होते, पण थोडी, आणि तीही बहुधा काही महिनेच टिकते. एसएसडी बसवून तिच्यावर कार्यप्रणाली घातली असता मात्र तेच यंत्र ओळखू येऊ नये इतके चपळ होते. नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च अल्प असतो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडताना हे अंकगणित फळ्यावर करून दाखविल्यास फारसे बोलावे लागणार नाही.

तपासणीची रीत सोपी आहे. विंडोज चालू झाल्यावर दहा मिनिटे काहीही न करता थांबावे. नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरीच्या रकान्यात आकडा ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर टेबल भरले आहे असे समजावे. डिस्कचा आकडा सतत १०० दाखवीत असेल, तर अडचण कपाटाकडे आहे. दोन्ही आकडे कमी असून यंत्र मंदच असेल व खालून तापत असेल, तर पंख्यात धूळ बसली असण्याचा संभव मोठा. कारण प्रोसेसर फार तापला म्हणजे तो स्वतःच आपली गती कमी करतो. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याकडून पंखा साफ करून घेणे पुरते; पुनःस्थापनेचा खटाटोप व्यर्थ होय. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल अथवा जुन्या फायली उघडता उघडता अडत असतील, तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजीत आहे असे जाणून त्याच दिवशी तिच्यातील माहिती अन्यत्र हलवावी व तिच्यावर नवी कार्यप्रणाली बसविण्याचा विचार सोडून द्यावा.

आता जतनाचा भाग. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स व पिक्चर्स हे चार फोल्डर बाहेरील डिस्कवर अथवा पेनड्राइव्हवर उतरवून घेतले म्हणजे काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. मराठी शाळांच्या बाबतीत सर्वात मोठी हानी फॉन्टमुळे होते, आणि ती लागलीच ध्यानातही येत नाही. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. एखाद्या रोमन अक्षराच्या जागी 'क' चे चित्र दाखवावयाचे, अशी ती योजना होती. पुनःस्थापनेनंतर तो फॉन्ट नसला, की दाखल्यांचे मसुदे, प्रश्नपत्रिका, समितीची इतिवृत्ते, सारे काही निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून पडद्यावर उमटते. फाइल सुरक्षित, पण वाचता येत नाही! यासाठी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातील असे फॉन्ट अवश्य वेगळे उतरवून घ्यावेत, व महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रतही त्याच वेळी करून ठेवावी. सवड मिळेल तसा तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हा खरा उपाय होय. त्यानंतर कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कार्यप्रणालीत तो मराठी म्हणूनच दिसतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट पासवर्डची. यू-डायस, सरल, शालार्थ इत्यादी कामांचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेले असतात, म्हणून शिक्षकांनी ते विसरलेले असतात. जुनी प्रणाली पुसली, की ब्राउझरची ही स्मृतीही जाते. पासवर्ड आधी पाहून घ्यावेत व मुख्याध्यापकांच्या ताब्यातील कुलूपबंद नोंदवहीत लिहावेत. पडद्यावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर नव्हे. शाळेने ई-लर्निंगचे सॉफ्टवेअर विकत घेतले असेल, तर ते पुन्हा चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक हाती आहे की पुरवठादाराकडून मागवावा लागेल, याचीही आधीच चौकशी करावी.

उतरविलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावाचून ती झाली असे मानू नये. निरनिराळ्या फोल्डरांतील दहाबारा फायली प्रत्यक्ष उघडाव्यात, आणि शक्य तर अशा दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

कोणती कार्यप्रणाली बसवावी, हा प्रश्न आज पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. विंडोज ७ चे सुरक्षा-सहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम व ६४ जीबी डिस्क यांखेरीज टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. २०१७ पूर्वीचे लॅपटॉप त्यामुळे बाहेर पडतात. अटी चुकविण्याच्या युक्त्या प्रचारात आहेत. शाळेच्या यंत्रावर त्या करू नयेत.

अशा यंत्रांकरिता लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. त्यास मूल्य पडत नाही व परवान्याची कटकट नाही. लिनक्स मिंट या प्रकारास किमान २ जीबी, पण सुखाने चालण्यास ४ जीबी रॅम पुरते, आणि जुलै २०२४ मध्ये निघालेल्या त्याच्या २२ व्या आवृत्तीस २०२९ पर्यंत सहाय्य मिळणार आहे. त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्यास परकी वाटत नाही. शाळांतून हे जमेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. केरळ राज्यात २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला व २०१७ मध्ये तो काइट या संस्थेत रूपांतरित झाला. तेथील शासकीय शाळांतून लिनक्सवर आधारित प्रणालीच शिकविली व वापरली जाते. तेव्हा मुलांना ते जड जाते, या म्हणण्यात तथ्य नाही. जड जाते ते मोठ्यांनाच. मात्र शाळेचे ई-लर्निंग सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, अथवा डिजिटल स्वाक्षरीचे साधन लिनक्सवर चालत नसेल, तर हा मार्ग स्वीकारण्यापूर्वी विचार करावा. पाठ दाखविण्यापुरते एक यंत्र जुन्या विंडोजवर, पण इंटरनेटपासून अलग ठेवणे, हा अशा प्रसंगी सर्वात कमी धोक्याचा तोडगा दिसतो.

प्रत्यक्ष कृती त्यामानाने अल्प आहे. निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्थापनेची प्रत उतरवून ८ जीबी अथवा अधिक क्षमतेच्या पेनड्राइव्हवर चढवावी; हा पेनड्राइव्ह रिकामा असावा, कारण त्यातील सर्व काही पुसले जाते. लिनक्सची प्रत सुमारे ३ जीबी असते, विंडोजची त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोबाइलच्या डेटावर अवलंबून असणाऱ्या शाळांनी हे आधी जमेस धरावे. यंत्र सुरू होताक्षणी डेल व लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपांवर एफ-१२, एचपीवर एफ-९ ही कळ दाबीत राहिल्यास कोणत्या साधनावरून सुरुवात करावयाची, ते विचारले जाते. तेथे पेनड्राइव्ह निवडावा. लिनक्सची एक मोठी सोय अशी, की ते डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रोजेक्टर जोडला जातो का, हे सर्व तेथेच पाहावे व समाधान झाल्यावरच पुढील बटण दाबावे.

यानंतर प्रणाली कोठे बसवावी, असा प्रश्न येतो. या एका पडद्यावर थांबून दोनदा वाचावे. डिस्कचे नाव व आकार ताडून पाहावा. माहितीची प्रत असलेली बाहेरील डिस्क त्या वेळी जोडलेली असताच कामा नये. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा निकामी असते, म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी किंवा इन्व्हर्टरवर काम करावे. मध्येच वीज गेल्यास अर्धवट प्रणाली राहते व सर्व काही पहिल्यापासून करावे लागते.

नवी प्रणाली आली, की प्रथम अद्ययावतीकरण उरकावे आणि मराठी कळफलक जोडावा. इन्स्क्रिप्ट विंडोज व लिनक्स या दोहोंतही उपलब्ध आहे, आणि एकदा हाताला वळण लागले म्हणजे यंत्र बदलले तरी ते बदलावे लागत नाही. विद्यार्थ्यांकरिता वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडावे. जुन्या यादीवर बोट ठेवून सर्वच प्रोग्रॅम पुन्हा बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अन्यथा तेच मदतनीस पुन्हा टेबलाभोवती गोळा होतील. यंत्र सुरू होण्यास पूर्वी किती सेकंद लागत होते व आता किती लागतात, हे मुलांकरवी घड्याळ लावून मोजवून घ्यावे आणि नोंदवावे. रॅम वा डिस्क बदलली असल्यास डेडस्टॉक रजिस्टरात तशी नोंद करून जुना भाग जपून ठेवावा.

काही यंत्रांस मात्र यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही. ३२-बिट प्रोसेसरचे जुने लॅपटॉप या वर्गात येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ मधून अशा यंत्रांवर स्थापना करण्याची सोयही काढून टाकण्यात आली. इंटरनेटशिवाय टंकलेखनाचा सराव करण्यास ती चालतील तोवर चालवावीत, आणि नंतर रीतसर निर्लेखन करून ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावीत. त्यांच्या डिस्कवर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. फायली डिलीट केल्याने अथवा डिस्क झटपट फॉरमॅट केल्याने ही माहिती जात नाही, ती साध्या साधनांनी परत काढता येते. फिरत्या चकतीच्या डिस्कवर सर्वत्र नवे लेखन करून ती पुसावी लागते. ते शक्य नसल्यास डिस्क यंत्रातून काढून घेऊन मगच यंत्र शाळेबाहेर जाऊ द्यावे.