बंदूक माळ्यावर, पत्रा माडाला

परवा तू मुंबईहून आलास आणि बॅगेतून नवीकोरी एअरगन बाहेर काढलीस. तुझी आजी लगेच म्हणाली, "काढून घ्या ती त्याच्याकडून." मी घेतली नाही. काढून घेतलेली बंदूक पोरं लपवून चालवतात, हे मला स्वतःवरूनच ठाऊक आहे. त्यापेक्षा नीट ऐकून घे.

सगळ्यात आधी अंगठा सांभाळ. या बंदुकीची नळी मोडून खाली ओढली की स्प्रिंग ताणली जाते आणि छर्रा नळीच्या उघड्या तोंडात बसवायचा असतो. त्या वेळी चुकून चाप ओढला गेला तर नळी झटक्यात वर येते. म्हणून छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची आणि चापाजवळ बोट न्यायचंच नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे ना? ते मी बारा वर्षांचा असतानाचं. आईला दाराच्या फटीत सापडला म्हणून सांगितलं होतं.

छर्रा घातला की मात्र बंदूक गच्च आवळायची नाही. इथं नवशिके हमखास चुकतात. स्प्रिंगची बंदूक सुटताना आधी मागं आणि मग पुढं असे दोन झटके देते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. आवळून धरलीस तर दर वेळी वेगळीकडे मारेल. डाव्या हाताचा तळवा नुसता खाली ठेव, झोळीतल्या लेकराला आधार देतात तसा. मागची खाच आणि टोकाची माशी एका रेषेत आण, अर्धा श्वास सोड, मग चाप. आणि छर्रा सुटल्यावर लगेच मान वर काढून बघू नको. पळून जात नाही निशाण.

नेम धरायला जागा एकच: तुळशीवृंदावनापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत. तेरा पावलं आहेत, म्हणजे साधारण दहा मीटर. ऑलिंपिकमध्ये एअर रायफल तेवढ्याच अंतरावरून मारतात. 2008 मध्ये अभिनव बिंद्रानं बीजिंगला सुवर्णपदक घेतलं ते याच प्रकारात, आणि 2022 मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला जगज्जेता झाला तोही यातच. त्या निशाणाच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. तुला सध्या रुपयाचं नाणं पुरे. इथं दहा मीटरवर बसवलेला नेम तीस मीटरवर चार बोटं तरी खाली जातो, म्हणजे लांबच्या फांदीवर मारून तू काय शिकणार?

निशाणामागं लाकडी खोकं ठेव आणि त्यात जुन्या गोधड्या ठासून भर. करवंटी टांगून मारू नको, छर्रा उलटून डोळ्यात येतो. चष्मा लाव. माडाच्या खोडावर तर मुळीच मारायचं नाही. झाडाला जखम झाली की वासानं सोंड्या भुंगा येतो, तिथं अंडी घालतो, अळ्या आतून खोड पोखरतात आणि आपल्याला कळेपर्यंत शेंडा लवंडलेला असतो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. त्यातून उभे राहिले ते माड मला नावानं ठाऊक आहेत.

समुद्राकडं तोंड करूनही नाही. तुला समोर मोकळं पाणी आणि पलीकडं खांदेरी दिसते, पण मधे पुळणीवर बाया मासळी वाळत घालत असतात. वर झाडाकडं मारलेला छर्रा दोन वाड्या ओलांडून कुणाच्या अंगणात पडेल ते सांगता येत नाही. थळात घराला घर लागून आहे.

छर्रे मोजून घ्यायचे आणि मोजून ठेवायचे. ते शिशाचे असतात. अंगणात सांडले तर कोंबड्या खडे समजून टिपतात. खेळून झालं की साबणानं हात धू, मगच आंब्याला हात लाव.

आणि ही खारी हवा! चार दिवस तशीच ठेवलीस तर नळी तांबूस होते. वापरून झाली की तेलाचं फडकं बाहेरून फिरव. फडकंच, धार नाही. आत दट्ट्याच्या पुढं तेल गेलं तर हवा दाबली जाताना ते पेटतं. मोठा आवाज होतो, धूर निघतो, पोरांना वाटतं बंदुकीचा जोर वाढला. तो जोर कामाचा नाही, स्प्रिंग आणि वायसर मात्र खलास होतात.

आता मुख्य. काल तू भेंडीवरच्या खारीवर नेम धरलास, मी ओटीवरून बघत होतो. चाप ओढला नाहीस, म्हणून ओरडलो नाही.

मी ओढला होता. त्या वर्षी वाडीत कोवळे नारळ फार गळत होते आणि आमच्या वडलांनी वैतागून खारीला शिव्या घातल्या होत्या. मला तेवढंच पुरलं. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. खार पडली नाही. फांदीवर घसरली, सावरली आणि ढोलीत शिरली. मी ढोलीखाली संध्याकाळपर्यंत उभा होतो. आमची आजी सांगायची, रामानं पाठीवरून बोटं फिरवली म्हणून खारीला पट्टे. ती मला काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खोडावरून ढोलीकडं मुंग्यांची रांग लागली.

नारळ गळायचे थांबले नाहीत. मग वडलांनी एक गळलेला उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भोक कुठं आहे बघ." देठालगत होतं, गोल, रुपयापेक्षा लहान, कडेला दातांचे ओरखडे. उंदीर. रात्री माडावर चढतो, कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक पाडतो, पाणी-मलई खातो आणि फळ खाली येतं. खार दिवसा दिसते म्हणून आळ तिच्यावर. ती काही साधू नाही, चिकू-पेरूवर ताव मारते, माडाचा काथ्या घरट्याला ओढून नेते. पण आपल्या वाडीतली गळ तिची नव्हती.

कायद्याचंही ऐक. 20 जूलच्या आतली, साडेचार मिलिमीटरची एअरगन घरात ठेवायला परवाना लागत नाही. त्यावरून पोरांना वाटतं की मारायलाही मुभा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ससा, घोरपड, मोर सगळे आहेत आणि नुसतं जखमी करणंही शिकारच धरलं आहे. खारींत तीन पट्ट्यांची वेगळी, पाच पट्ट्यांची वेगळी. माशीतून बघत पट्टे मोजणार आहेस का तू?

तू सलीम अलींचं नाव घेतलंस ते बरोबर आहे. तेही एअरगननं चिमण्या मारत. एका घरट्यावरचे 8 नर त्यांनी 7 दिवसांत टिपले, कारण एक पडला की मादी दुसरा आणत होती आणि हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं. पुढं पिवळ्या गळ्याची एक चिमणी पाडली, ती कोणती हे विचारायला मामांच्या सांगण्यावरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पण 1930 मध्ये ते आपल्या शेजारी, नवगावच्या पलीकडं किहीमला राहिले तेव्हा सुगरणींच्या घरट्यांसमोर नुसते बसून राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि नर दुसरं विणायला घेतो. हे त्यांना बसूनच कळलं.

तेव्हा उद्याचं काम सांगतो. सकाळी ऊन चढायच्या आत चोंढीला जाऊन जस्ती पत्रा आणायचा. हातभर रुंदीची पट्टी कापून माडाला पुरुषभर उंचीवर घट्ट गुंडाळायची, उंदराची नखं त्यावर टिकत नाहीत. एक पट्टी बसली म्हणजे झालं असं नाही. शेजारच्या झाडाची झावळी त्या माडाला टेकत असेल तर उंदीर वरूनच येतो, म्हणून टेकणाऱ्या झावळ्या आधी तोडायच्या. शेंड्यातला वाळका कचराही काढायला हवा, त्यातच त्यांची घरं असतात. वर चढणारा माणूस मी सांगून ठेवला आहे. आपल्याकडं अकरा माड आहेत. तोवर बंदूक माळ्यावर. दुपारी काम आटपलं तर तेरा पावलांवरून दहा छर्रे मारायला देईन. पण दहाच, आणि दहाही मोजून परत.