फरशीकाम करणाऱ्या भावांनो, ऍसिडच्या वाफेपासून जपा!



आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले आज फरशी बसवण्याच्या कामावर आहेत. कुणी परभणीतच बांधकामावर जाते, तर गंगाखेड, पूर्णा, सेलूकडची मुले मिस्त्रीबरोबर पुण्या-मुंबईलाही जातात. वस्तीत तपासणीला बसलो की आम्हाला एकच ऐकू येते : "ताई, ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, डोके ठणकते. पण या कामात हे व्हायचेच." आम्ही सांगतो, होणे टाळता येते. आधी कारण समजून घ्या.

वाफ खाली का साचते?

फरशी बसली की सिमेंटचे डाग काढायला ऍसिड ओततात. ते बहुधा हायड्रोक्लोरिक ऍसिड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. प्लॅस्टिकची फरशी चिकटवायचे रबरी सोल्युशन आणि थिनर यांची वाफही जडच. ती जमिनीलगत साचते, आणि आपला माणूस उकिडवा बसून तिथेच नाक खाली घालून काम करतो. दारात उभ्या ठेकेदाराला वास कमी येतो, म्हणून तो "काही होत नाही" म्हणतो.

ऍसिडच्या वाफेने नाक, घसा, छाती जळजळते. थिनरने चक्कर, मळमळ होते, झिंग येते. वर्षानुवर्षे हे चालले तर दमा जडू शकतो, विसराळूपणा वाढू शकतो.

ऍसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका

दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद संडास-बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. घरी संडास साफ करणाऱ्या आयाबहिणींनीही हे लक्षात ठेवावे.

आगीचाही धोका

थिनरची वाफ जमिनीवरून सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील सॉमरव्हिल शहरात २००४ साली लाकडी फरशीला लॅकर लावताना अशाच वाफेने पेट घेतला आणि दोन स्थलांतरित कामगार दगावले. म्हणून जवळ बिडी, शेगडी, वेल्डिंग नको.

काय करावे?

- दारे-खिडक्या उघडा. पंखा असा ठेवा की वाफ बाहेर जाईल.
- ऍसिड पाण्यात हळूहळू ओता. ऍसिडमध्ये पाणी ओतू नका.
- रबरी हातमोजे, बूट, चष्मा वापरा. रुमालाने किंवा साध्या मास्कने वाफ अडत नाही; त्यासाठी वायू शोषणाऱ्या डबीचा मास्क लागतो.
- बंद खोलीत एकट्याने काम करू नका.
- ऍसिड पाण्याच्या बाटलीत भरून घरी आणू नका. लेकरू पाणी समजून पिईल.
- गूळ खाऊन छाती साफ होत नाही. दारूने तर त्रास वाढतोच. पाचवे शील इथेही आपल्याला राखते.

त्रास झालाच तर

माणसाला मोकळ्या हवेत आणून बसते करा, ऍसिड लागलेले कपडे काढा. डोळ्यात उडाले तर किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. ऍसिड पोटात गेले तर उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा. बाटली किंवा तिचा फोटो डॉक्टरांना दाखवा. "आता बरे वाटते" म्हणून घरी झोपवू नका. छातीत पाणी होऊन दम काही तासांनीही लागू शकतो.

हक्क मागा

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच काळातली. कामगाराचा जीव स्वस्त नाही, हे त्यांनी कायद्यात आणले. आज फरशी कामगाराची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात होते. वय १८ ते ६० हवे आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो ठेकेदार, ग्रामसेवक किंवा नगरपालिकेकडून मिळतो.

एकट्याने मास्क मागितला तर उद्याची हजेरी जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून चौघांनी मिळून मागा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा लेख मोठ्याने वाचा आणि तिथेच नोंदणी नसलेल्यांची यादी करा.

जय भीम! नमो बुद्धाय!