गणिती आज्ञावलींची जोडणी आणि परवाना

एका कपात ८० अंश सेल्सिअस तापमानाचा चहा आहे आणि खोलीचे तापमान ३० अंश आहे, असे समजा. तीन मिनिटांनी चहाचे तापमान किती होईल?

न्यूटनच्या नियमाप्रमाणे चहा व खोली यांच्या तापमानांतील फरक जितका अधिक, तितका निवण्याचा वेग अधिक. हा वेग दर मिनिटाला फरकाच्या एक-दशांश इतका धरू. प्रारंभीचा फरक ५० अंश. म्हणून पहिल्या मिनिटाचे ५ अंश वजा केले की ७५ उरतात. आता फरक ४५, ४.५ वजा करून ७०.५ उरतात. तिसऱ्या मिनिटाअखेर येतात ६६.४५ अंश.

निसर्गातील घटना अशी पायरीपायरीने आकड्यांत घडवून पाहणे, यालाच सिम्युलेशन किंवा प्रतिरूपण म्हणतात. मात्र आपले उत्तर थोडे चुकते. फरक क्षणोक्षणी घटत असतो. आपण तो मिनिटभर कायम धरला. कलनशास्त्राच्या सूत्राने उत्तर येते ६७.०४ अंश.

संगणकावर सूत्र काढून देणारी 'मॅक्झिमा' ही एक आज्ञावली आहे. पायऱ्यांनी आकडेमोड करणारा 'जीएसएल' हा आज्ञावलींचा संच निराळा आहे. अमेरिकन गणितज्ञ विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'सेज' या गणिती प्रणालीत ही दोन्ही साधने जोडलेली आहेत. त्यामुळे एकाच उदाहरणाची दोन्ही उत्तरे काढून ती परस्परांशी ताडून पाहता येतात.

ही जोडणी कशी होते? प्रत्येक साधनाची भाषा वेगळी असते. सेजला आज्ञा पायथन भाषेत देतात. तेथे अक्षराला किंमत देण्यासाठी बरोबरचे चिन्ह वापरतात. मॅक्झिमात त्यासाठी विसर्गासारखी दोन टिंबे लागतात. 'पाय' या संख्येच्या नावाआधी मॅक्झिमात टक्क्याचे चिन्ह लावावे लागते. सेजमध्ये त्यासाठी दुभाष्या असतो. तो प्रश्नाचे भाषांतर करून पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर उलट भाषांतर करून तुमच्यासमोर ठेवतो.

परंतु भाषा जुळली म्हणजे काम संपले असे नाही. पुस्तकाप्रमाणे आज्ञावलीवरही लेखकाचा स्वामित्वहक्क असतो. तिची प्रत वाटण्यास किंवा तिच्यात बदल करण्यास परवाना लागतो. मॅक्झिमाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तिची पूर्वज 'मॅक्सिमा' नव्हे, तर 'मॅकसिमा' नावाची आज्ञावली. ती १९६८ पासून एमआयटी या संस्थेत तयार होत होती. तिची एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे होती. १९८२ पासून टेक्सास विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी ती प्रत सांभाळली व सुधारली. १९९८ मध्ये त्यांनी खात्याकडून ती जीपीएल या खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये शेल्टर यांचे निधन झाले. पण परवाना हाती असल्याने इतरांना ते काम पुढे चालवता आले. म्हणूनच सेजलाही मॅक्झिमा घेता आली.

सर्व खुले परवाने मात्र सारखे नसतात. 'सायपाय' या साधनाचा बीएसडी परवाना सैल आहे. मूळ लेखकांची नोंद व परवान्याचा मजकूर कायम ठेवा आणि हवे तेथे वापरा, एवढीच त्याची मुख्य अट. जीपीएल अधिक मागतो. जोडून बनवलेली वस्तू दुसऱ्यांना द्याल, तर तीही याच परवान्याखाली आणि मूळ संहितेसह द्या, असे तो सांगतो. सेज स्वतः जीपीएलखाली असल्याने ती सायपाय व जीएसएल दोन्ही घेऊ शकते. जीएसएलही जीपीएलखाली आहे. म्हणून तिची संहिता सायपायमध्ये घेतली जात नाही. ही वाट एकाच दिशेची आहे! शिवाय खुले म्हणजे फुकट नव्हे. जीपीएलखालील आज्ञावली विकताही येते.

आता तुम्ही एक करा. चहाचे गणित अर्ध्या मिनिटाच्या सहा पायऱ्यांनी सोडवा. प्रत्येक पायरीला फरकाचा विसावा भाग वजा करा. उत्तर ६७.०४ च्या किती जवळ आले? पायरी आणखी लहान केल्यास काय होईल, याची वर्गात शिक्षकांशी चर्चा करा.